वय सात ते नव्व्याण्णव

आमच्या घरी दर रविवारी संध्याकाळी साडेपाचला एक खेळ मांडला जातो. खोक्यावर त्याचं नाव 'गावकूस' असं आहे. त्याखाली 'मुलांच्या विचारशक्तीला चालना', आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'खेळाडू : २ ते ४. वय : ७ ते ९९'. मुलांच्या, असं स्पष्ट छापलेलं असल्यामुळे माझ्या विचारशक्तीबद्दल तक्रार करायला जागा नाही.

खेळ सोपा आहे. जाड पुठ्ठ्याच्या ऐंशी चौकोनी फरश्या. आपल्या पाळीला पिशवीत हात घालून एक काढायची आणि आधी मांडलेल्या फरश्यांना जोडून ठेवायची. रस्त्याला रस्ता, पाण्याला पाणी, भिंतीला भिंत जुळली पाहिजे. भिंत चहूबाजूंनी पुरी झाली की तिच्या आत उभा केलेला आपला लाकडी गडी घरी परत येतो आणि गुण मिळतात. नाही झाली तर गडी डाव संपेपर्यंत तिथंच उभा. ज्याचे गुण सगळ्यांत कमी, त्यानं गंगावेशीच्या कट्ट्यावर किटली घेऊन जायचं आणि म्हशीचं समोर काढलेलं दूध आणायचं. हा शेवटचा नियम खोक्यावर नाही, माझ्या बायकोचा आहे. नंदिनी शाळेत विज्ञान शिकवते आणि घरात बाकीचं सगळं.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत खरेदी विभागात आहे. पंचतारांकित ही वसाहत, कॅन्टीन नव्हे. शिवाय दिवाळी अंकांत विनोदी लिहितो. म्हणजे संशय घेणं हा माझा दोन्हीकडचा धंदा. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं जे लिहिणार आहे ते संशय घेऊन, तपासून, आणि शेवटी मुकाट्यानं हात जोडून लिहितो आहे.

खेळ आणला तो तेजस्वीसाठी. आमची मुलगी, तेव्हा आठ वर्षांची. हुशार, बोलकी, पण थांबायची. पेपरात चार पर्याय दिसले की पेन्सिल वर धरून वेळ संपेपर्यंत बसायची. दुकानात दोन चपला समोर ठेवल्या की एका पायावर उभी. बाई म्हणाल्या, लक्ष नाही. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वाढेल तसं जाईल. पण वाढेपर्यंत रस्ते ओलांडावे लागतात. उसाच्या हंगामात एका दुपारी, नंदिनीचा हात सुटून ती भर रस्त्यात थांबली. पुढं जावं की मागं, एवढाच प्रश्न होता. समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं कसाबसा आवरला. खाली उतरून तो मला एवढंच म्हणाला, "पावणं, पोरीला ऐकू येत न्हाय व्हय?" ऐकू येतं, असं सांगताना मला लाज वाटली. त्या दिवसापासून आम्ही दोघं तिचा हात सोडत नव्हतो, झोपेतसुद्धा.

पहिले तीन रविवार भयंकर गेले. तेजस्वी फरशी हातात धरून वीस-वीस मिनिटं बसायची. आम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडं न बघण्याचा अभिनय करायचो.

चौथ्या रविवारी तिनं पांढरे सहा गडी काढून टेबलाच्या मोकळ्या बाजूला, माझ्या जुन्या वर्तमानपत्रांच्या खुर्चीसमोर, ओळीनं मांडले.

"हे कुणाचे गं?"

"आक्काचे."

"कोण आक्का?"

"आक्का हो." मी उगाच वेळ घालवतोय अशा सुरात ती म्हणाली. "तिला धरायचं न्हाई पण. ती कच्चा लिंबू हाय."

कच्चा लिंबू म्हणजे खेळात घ्यायचं, पण गुण मोजायचे नाहीत आणि हरलं तरी हरलं म्हणायचं नाही. हे पद सहसा घरातल्या सगळ्यांत लहान पोराला मिळतं.

"किती वर्षांची आहे तुझी आक्का?"

"नव्व्याण्णवच्या वर. खोक्यात बसत न्हाई ती. म्हणून तर कच्चा लिंबू."

नियमांचं इतकं काटेकोर पालन मी आमच्या खरेदी विभागातही पाहिलेलं नाही. नंदिनीनं रात्री फोनवर दोन लेख वाचले आणि मुलांना असे काल्पनिक मित्र असतात, ते चांगलंच असतं, असा निर्वाळा दिला. मी खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलली. आमच्या शुक्रवार पेठेतल्या या इमारतीच्या जागी आधी काय होतं, ते मी तेव्हाही विचारलं नाही. कोल्हापुरात जागेवर आधी गोठा असतो नाहीतर तालीम.

आक्काची पाळी आली की तेजस्वी फरशी काढायची, रिकाम्या खुर्चीकडं मान तिरकी करायची, ऐकायची आणि ठेवायची. मग तिची स्वतःची पाळी. पहिल्यांदा पंधरा मिनिटं लागली, मग दहा, मग दोन. एका रविवारी तिनं फरशी काढली आणि लगेच ठेवली. चुकीची ठेवली, पण ठेवली. नंदिनी स्वयंपाकघरात जाऊन भांडी नसलेलं सिंक धुवत बसली.

"एवढ्या पटकन कसं काय सुचलं?" मी विचारलं.

"आक्का म्हणती, ठेव की. चुकलं तर चुकलं. उद्या परत मांडू."

मी त्या रिकाम्या खुर्चीकडं बघून मान हलवली. सभ्यपणा म्हणून.

फक्त एक गोष्ट खटकत होती. आक्का फार चांगली खेळायची. तेजस्वीपेक्षा चांगली, नंदिनीपेक्षा चांगली. माझं नाव या यादीत घेण्याचं कारण नाही. तिच्या फरशीनं भिंत कधीच कोंडली जात नसे, एक बाजू कुणासाठी तरी मोकळी असायची. ते कुणीतरी बहुतेक तेजस्वी असायची. कधीच मी नसायचो. तोवर लागोपाठ अकरा रविवार कट्ट्यावर मीच गेलो होतो. तिथले हंबीरराव म्हशीच्या कासेखालून मान न काढता विचारायचे, "आज बी हरला व्हय, पावणं?"

मग मी तपासलं. आक्काची फरशी पिशवीतून मी काढली, कुणालाही, मलासुद्धा, न दाखवता पालथी करून तेजस्वीच्या हातात दिली. तिनं मान तिरकी केली आणि पालथीच, तीन बाजूंनी वेढलेल्या एका भोकात बसवली. मी उलटली. रस्ता, पाणी, भिंत. तिन्ही बाजू जुळल्या. मी बारा वेळा तसं केलं. बारा वेळा जुळल्या. एम.ए.ला मला संख्याशास्त्र होतं. त्या रात्री मी कागदावर गणित मांडलं आणि उत्तर आल्यावर कागद फाडला.

त्यानंतर पावसाळ्यात एकदा आम्ही तिघंही चहासाठी उठलो. परत आलो तेव्हा आक्काची फरशी ठेवलेली होती आणि तिच्यावर पांढरा गडी उभा होता.

"तू ठेवलीस?" नंदिनीनं मला विचारलं.

"नाही. तू?"

"आपण चहा घेऊ या," ती म्हणाली. दोघांच्याही हातात चहाच होता.

खोकं कपाटात टाकावं असं मला वाटलं, ते खरं आहे. पण त्याच आठवड्यात तेजस्वीनं गणिताचा पेपर दहा मिनिटं आधी दिला. खोकं कपाटात गेलं नाही.

या जानेवारीत आम्ही बिद्रीजवळ नंदिनीच्या भावाकडं गेलो होतो. दुपारी मी आणि तेजस्वी कोपऱ्यावरच्या टपरीकडं चालत निघालो. उताराचा रस्ता, एका बाजूला ओढा, एका बाजूला तोडणी चाललेलं शिवार. मागून आवाज आला म्हणून वळलो. चढावर उसाची ट्रॉली ट्रॅक्टरपासून सुटली होती आणि एकटीच खाली येत होती. घाई नव्हती तिला. डुलत येत होती.

मी थांबलो.

खोटं कशाला सांगू? ओढ्याकडं उडी मारावी की शिवाराकडं, हे मला ठरवता येईना. दोन्हीकडचे फायदे-तोटे दिसत होते. मुलीनं हे कुणाकडून घेतलं, ते मला त्या क्षणी कळलं.

"पाय ठेव की!"

तेजस्वीनं माझ्या शर्टाला हिसका दिला. पाय आपोआप शिवारात पडला. ट्रॉली आमच्या चपलांच्या ठशांवरून गेली आणि खाली ओढ्यात आडवी झाली. सुदैवानं कुणाला खरचटलंसुद्धा नाही. बराच वेळ ऊस पाण्यात सरकत राहिल्याचा आवाज येत होता.

माझी मुलगी मला कायम 'अहो बाबा' म्हणते. अरे-तुरे तिनं त्याआधी कधी केलं नव्हतं, नंतरही नाही. माझी तक्रार नाही.

पुढच्या रविवारी मी खेळ मांडण्याआधी खिशातलं पेन काढलं आणि खोक्यावरचा ९९ खोडला. दुसरं काय करणार होतो? साडीचोळी कुणाला नेसवणार? ज्या बाईनं पोरगी परत दिली, पोरीकरवी मलाही वाचवलं, तिला दर रविवारी कच्चा लिंबू म्हणून बसवायचं, हे बरं दिसत नव्हतं.

"आजपासून आक्काला धरायचं," मी म्हणालो. "तिचेही गुण मोजायचे."

तेजस्वीनं खुर्चीकडं बघितलं. "ती इचारती, सगळे नियम व्हय?"

"सगळे."

त्या दिवशी आक्का नेहमीसारखीच खेळली. शेवटची फरशी तिची होती. ती स्वतःच्या भिंतीला लावली असती तर तिला नऊ गुण मिळून ती पहिली आली असती. तेजस्वीनं मान तिरकी केली, जरा जास्तच वेळ ऐकलं, आणि फरशी माझ्या भिंतीला लावली. माझा पिवळा गडी घरी आला.

मी सत्तेचाळीस. आक्का सेहेचाळीस.

चौदा महिन्यांत पहिल्यांदा मी शेवटचा नव्हतो. बेरीज मी दोनदा तपासली.

"मी आणतो दूध," असं म्हणून मी उठलो.

"अहो बाबा," तेजस्वी म्हणाली, "नियम."

किटली दारामागच्या खुंटीला असते. खुंटी रिकामी होती.

दाराला आतून कडी होती.

खाली कुठंतरी लिफ्टचा आवाज आला. आमची लिफ्ट जुनी आहे. दार नीट ओढलं नाही तर आतली बाई बोलते. 'कृपया दरवाजा बंद करा.' थोडं थांबून पुन्हा, 'कृपया दरवाजा बंद करा.' सवय नसलेलं माणूस असलं की असं होतं.

आम्ही बसून राहिलो. खिडकीबाहेर अजून थोडा उजेड होता. खालच्या अंगणात पोरांची क्रिकेटवरून भांडणं चालली होती. नंदिनीनं माझा हात धरला होता. तेजस्वी फरश्या गोळा करत होती.

पंचवीस मिनिटांनी लिफ्ट वर आली.

'कृपया दरवाजा बंद करा.'

'कृपया दरवाजा बंद करा.'

'कृपया दरवाजा बंद करा.'

मी कडी काढली. जिन्यात कुणी नव्हतं. उंबऱ्यासमोर किटली होती, काठोकाठ भरलेली. वर बोटभर फेस.

नंदिनीनं किटलीला तळहात लावला. "अडतीस अंश," ती म्हणाली. विज्ञानाची बाई. मग हळूच, खुर्चीकडं बघत, "आक्का, लई उपकार झाले तुमचे." माहेरची बोली तिच्या तोंडी मी वर्षभरात ऐकली नव्हती.

तेजस्वीनं टेबलावर कप मांडले. पाच.

"पाच कशाला गं?"

"आक्काचं वय बघ की, आई. गंगावेशीपास्नं, भरलेली किटली. एकटीनं कशी आणंल? कुणाला तरी बरोबर घ्यायला लागलं."

"कुणाला?"

तेजस्वीनं उघड्या दाराकडं बघितलं आणि खांदे उडवले. "अजून बाहीरच थांबलंय. बसा म्हणा की, बाबा."

कोल्हापुरात दारात आलेल्याला बसा म्हणायचं नाही, असं कुणाच्या घरी होत नाही. जीभ विचार करत नाही.

"या, बसा," मी म्हणालो.

मग स्वयंपाकघरातलं स्टूल आणून टेबलाच्या कोपऱ्याला ठेवलं. दार लावलं. तेजस्वीनं पाचही कप भरले. मी खोकं पुढं ओढलं. 'खेळाडू : २ ते ४.' पेन टेकवलं आणि त्या चारवर थांबलो. किती वेळ थांबलो, ते नंदिनीला माहीत. शेवटी खोडला.

मान वर केली तेव्हा चार कपांवरचा फेस विरत आला होता. आमच्यापैकी कुणीच अजून कपाला हात लावला नव्हता. पाचवा कप रिकामा होता, आणि त्याच्या तळाशी फेसाचे बुडबुडे अजून फुटत होते.

तेजस्वीनं किटली उचलली आणि कुणालाही न विचारता, क्षणभरसुद्धा न थांबता, तो पुन्हा भरला.