तिसावा नमुना

वाऱ्याने कागद उडाला आणि सीमेवरच्या पिवळ्या रेघेच्या अलीकडे, नेमका तिच्या चपलेपाशी येऊन पडला. रेघेपलीकडे विस्कटलेल्या केसांचा एक उंच माणूस हात पुढे करून उभा होता.

"अहो, माझा कागद... तुमच्या देशात आला."

"म्हणजे आयात झाली," ती म्हणाली. "परवाना आहे?"

"परत द्या की! तेवढीच तुमची निर्यात वाढेल."

हसू दाबून तिने कागद वाचला. पलीकडचा नवा धान्य-तपासनीस तो हाच होता तर! अलीकडची तपासनीस ती. कागदावर लिहिलं होतं : मक्यातला ओलावा — तेरा टक्के.

"तेरा पूर्णांक किती?"

"तेराच. दाणा बघितला की कळतं मला."

"यंत्र असताना डोळे कशाला?"

"डोळ्यांना बाकीचीही कामं असतात..." तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघतच राहिला. त्या दिवसापासून तो तिला दशांशबाई म्हणू लागला.

दोन्ही देशांचा एकमेकांच्या तपासणीवर काडीचा विश्वास नव्हता. त्यामुळे मक्याचे ट्रक नाक्यावर तीन-तीन, चार-चार दिवस ताटकळायचे. शेवटी दोन्ही सरकारांनी एक परीक्षा ठरवली. एकाच पोत्यातला नमुना दोघांनी अर्धा-अर्धा घ्यायचा, आपापल्या खोलीत ओलावा मोजायचा, आकडा पाकिटात बंद करायचा आणि पाकिटं एका टेबलावर उघडायची. सलग तीस आकडे जुळले की एकमेकांचे दाखले मान्य, ट्रक थेट पार आणि नाक्यावरची तपासणी बंद. एक जरी चुकला, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

शिवाय पलीकडच्या तपासनीसाकडून काही घ्यायचं नाही, असाही नियम होता. चहासुद्धा नाही! मग दोघं समोरासमोर बसून आपापल्या थर्मासमधला चहा प्यायची.

"तुमच्या चहात आलं आहे ना?" तो विचारायचा.

"वासावर तरी नियम नाही. घ्या."

आकडे जुळत गेले. दहा, वीस, पंचवीस... आणि तिची झोप उडत गेली. तीस जुळावेत म्हणून ती वर्षभर धडपडली होती, आणि आता एकेक जुळला की त्याच्यासमोर बसायचा एक दिवस कमी व्हायचा. घरी आई थर्मास विसळताना म्हणाली, "जातेस एकटी, चहा नेतेस दोघांचा, आणि निम्मा परत आणतेस."

"तहान लागते गं."

"कसली लागते ते कळतंय मला."

तिसाव्या दिवशी पहिल्या ट्रकचे ड्रायव्हरमामा खिडकीशी आले. "बाई, चौथा दिवस! पोती आतून घामेजायला लागली. आज जुळवा बुवा एकदाचं."

ती खोलीत गेली. यंत्राने दाखवलं बारा पूर्णांक सहा. तिने पेन उचललं आणि लिहिलं : चौदा पूर्णांक दोन. बस्स, एवढाच एक कागद! आणखी तीस दिवस तो समोर बसेल, केस विस्कटून, आल्याचा वास घेत... बाहेर मामा पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मका चाचपत होते. मूठभर दाणे नाकाशी नेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. तिचे कान शरमेने तापले. तिने कागद टराटरा फाडला आणि खरा आकडा लिहिला.

टेबलावर आधी त्याचं पाकीट उघडलं. कागद कोरा होता.

"हे काय?"

"खरा लिहवेना," तो खाली मान घालून म्हणाला. "आणि खोटा लिहायची... छाती झाली नाही."

"माझी झाली होती." तिने सांगून टाकलं. "चौदा पूर्णांक दोन लिहिलं होतं. मग फाडलं."

त्याने मान वर केली. मग हसत सुटला. "धन्य आहात! खोट्यातसुद्धा दशांश!"

तीही हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. "तुम्ही मला आवडता. फार आवडता. पण मामांच्या मक्याच्या जिवावर आपले लाड नकोत. जा, पुन्हा मोजा."

तो उठला. तिचं पाकीट अजून बंदच होतं. दहा मिनिटांनी परत येऊन त्याने तिच्याच पद्धतीने, दशांशासकट, आकडा सांगितला. "बारा पूर्णांक सात."

तिने आपलं पाकीट उघडून दाखवलं. एका दशांशाचा फरक नियमात चालत होता. मामांनी बाहेर जोरात भोंगा वाजवला आणि अडसर वर गेला. ट्रकमागून ट्रक जाताना ती दोघं रेघेच्या दोन बाजूंना उभी होती, आणि मधल्या धुरळ्यात तो कधी निघून गेला ते तिला दिसलंही नाही.

तपासणीचं टेबल नाक्यावरून उचललं गेलं. तिला दाखल्यांच्या खिडकीवर बसवलं. पलीकडून ना निरोप, ना कागद. चार दिवस गेले, सहा गेले. ती शिक्का उलटा मारू लागली. थर्मास मात्र दोघांचाच नेत होती. आईनेही टोमणे मारणं सोडलं होतं.

नवव्या दिवशी दुपारी, माणसांच्या रांगेतून बाहेर पडलेला एक उंच माणूस तिच्या खिडकीशी आला.

"आठ दिवस कुठे होतात?" ती जवळजवळ ओरडलीच.

"परवान्यासाठी खेटे घालत होतो. मका सुटला हो, माणूस अजून अडतो!" त्याने फॉर्म पुढे केला. "बदली झाली माझी, गोदामावर. आता मी पलीकडचा तपासनीस नाही."

तिने फॉर्म वाचला. येण्याचं कारण : चहा. मुक्काम किती दिवस : तो रकाना कोरा होता.

"पुन्हा कोरा कागद?"

"या वेळी आकडा तुम्ही लिहायचा," तो हळूच म्हणाला. "मी मान्य करीन. न तपासता."

तिने पेन उचललं, खाली ठेवलं. थर्मासचं झाकण काढलं, सोबतचा दुसरा कप पहिल्यांदाच भरला आणि खिडकीतून त्याच्या हातात दिला.

"आधी चहा घे," ती म्हणाली. "लिहायला वेळ लागेल मला. आकडा मोठा आहे."