हिरव्या डोक्याचा दगड

ही गोष्ट खरी आहे. ज्याला थाप वाटेल त्याने खुशाल पुढे सरकावं. पटवून द्यायची हौस मला कधीच नव्हती, आणि आता तेवढी ताकदही उरलेली नाही.

गेल्या मार्गशीर्षातली अमावास्या. वेळ तिन्हीसांजेची. जागा नावड्याच्या पुढे, राज्य महामार्गाचं काम चालू आहे तिथली.

ज्याच्या बाबतीत हे घडलं तो जयदेव माझा आतेभाऊ. कमळीआत्याचा एकुलता एक मुलगा. रस्त्याच्या ठेकेदाराकडे तो सुपरवायझर होता. डायव्हर्जनचे बोर्ड लावणं, गाड्या वळवणं, जुन्या रस्त्याच्या खाणाखुणा उखडून टाकणं, ही त्याची कामं. आत्याला केवढं कौतुक! "रस्ता माजा पोरगाच बांधतंय," असं ती बाजारात अनोळखी बाईलासुद्धा सांगायची.

जुना रस्ता तिथे शेतांना वळसा घालून जायचा. नव्या रस्त्याने तो वळसा कापला आणि भराव टाकून सरळ वाट काढली. वळसा सुरू व्हायचा तिथेच, नव्या रस्त्याच्या आखणीत, एक किलोमीटरचा दगड होता. हिरव्या डोक्याचा. त्याच्यावरचं 'पनवेल' एवढंच कसंबसं वाचता यायचं.

पण गावासाठी तो किलोमीटरचा दगड नव्हताच.

तो विसावा होता.

गावात कुणी गेलं की स्मशानाच्या वाटेवर तिरडी त्या दगडापाशी खाली ठेवायची. क्षणभर टेकायचं. मग तिरडी फिरवायची. पुढचे खांदेकरी मागे आणि मागचे पुढे. गेलेल्या माणसाला घराची वाट दिसू नये, त्याने परत फिरू नये, म्हणून. पिढ्यान् पिढ्या हे असंच चालत आलेलं.

दगडावर लाल फुली मारली ती जयदेवनेच.

त्याचे वडील बाळाराम डाव्या पायाने किंचित ओढत चालायचे. ते त्या दिवशी मुद्दाम साइटवर आले.

"दगड काढतोस तर काढ," ते म्हणाले, "पन आदी विसाव्याला दुसरी जागा कर. गावाला विचार."

"करतो बाबा. टेन्शन घेऊ नका."

दुपारी जेसीबीने दगड उचलला आणि राडारोड्यात टाकला. जागा करायची राहून गेली. कामाच्या धबडग्यात कुणाला आठवण?

दिवाळी झाली आणि बाळाराम झोपेतच गेले.

अंत्ययात्रा दुपारी निघाली. जुनी वाट मोरीसाठी खणलेली, त्यामुळे तिरडी नव्या डांबरावरूनच न्यावी लागली. दोन्ही बाजूंना क्रॅश बॅरियर. मागे कळंबोलीहून निघालेले लोखंडाचे ट्रेलर, हॉर्नवर हॉर्न मारत. खांद्याला जयदेव, त्याचा चुलतभाऊ धनेश, शेजारचा अंकुर आणि वडिलांचे थोरले भाऊ भैरूकाका.

अर्ध्या वाटेत भैरूकाकांचा पाय अडखळला.

"जयदेव... विसावा?"

जयदेवने मागे पाहिलं. ट्रेलर अगदी अंगावर आलेला.

"चालत राहा, काका. इथं थांबलो तर सगळेच जाऊ."

सेफ्टीचं जॅकेट घालणाऱ्या माणसाचं डोकं तसंच चालणार. चौघं चालत राहिले. न थांबता, थेट स्मशानापर्यंत.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. सगळ्यांना हायसं वाटलं. गेलेल्याची काही इच्छा उरली नाही, असंच सगळे धरून चालले.

तेरावं झाल्यावर जयदेव कामावर परतला. संध्याकाळी तो डायव्हर्जनच्या बोर्डापाशी आला आणि थबकला...

बोर्डावरचा बाण जुन्या, बंद रस्त्याकडे वळलेला होता.

त्याने बोर्ड सरळ केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याने वॉचमनला झाडलं.

"साब, कसम से, मैंने हाथ नहीं लगाया," वॉचमन रडकुंडीला आला.

मग जयदेवने बोर्डाचा लोखंडी अँगल काँक्रीटमध्ये रोवला. बाजूने तारेने आवळून टाकला. दुसऱ्या संध्याकाळी पाहिलं तर काँक्रीटला तडा नव्हता. तार जशीच्या तशी होती.

आणि बाण... जुन्या रस्त्याकडेच.

तेवढ्यात बंद रस्त्यावरून आवाज आला.

पावलांचा.

एकाची नाही, चौघांची. ओझं घेऊन चालणारी माणसं टाकतात तशी, एका लयीत. सोबत धापा. बोलणं नाही. पावलं भरावापर्यंत आली, तिथे घुटमळली आणि मागे गेली. पुन्हा आली. पुन्हा मागे...

समोर रस्ता रिकामा होता.

जयदेव घरी आला तेव्हा त्याचा उजवा खांदा ठणकत होता. बाम झाला, शेक झाला, पनवेलच्या डॉक्टरांचे एक्स-रे झाले. काही निघालं नाही. मग कळलं, धनेशचाही खांदा धरलाय. अंकुरचाही. तिरडी ज्याने ज्या खांद्यावर घेतली होती, नेमका तोच.

भैरूकाकांनी शर्टाची कॉलर बाजूला करून दाखवलं. खांद्यावर बांबूचा वळ होता. ताजा.

"आपन त्याला खाली ठेवलाच नाय," काका म्हणाले. "तुजा बापूस आजून आपल्या खांद्यावरच हाय, जयदेव."

जयदेव आपला खांदा चाचपू लागला.

"आनि फिरवला पन नाय. त्याचं त्वांड घराकडंच हाय. तो येनार. आला तर तुज्या आवशीला घेऊनच जाईल. तिच्याबिगर तो कवा एकटा जेवला पन नाय."

एवढं ऐकल्यावर जयदेवला दुसरं काही सुचेना. बाप तर गेलाच होता. आता आई वाचवायची होती.

ठरलं असं, की अमावास्येला तिन्हीसांजेला चौघांनी एक रिकामी बांबूची शिडी खांद्यावर घ्यायची. दगडाच्या जागी ती ठेवायची, फिरवायची आणि स्मशानात नेऊन जाळायची. दगडाची जागा आता भरावाखाली होती, नव्या रस्त्याच्या ऐन मध्यावर. जयदेवने नकाशावरून ती शोधली आणि डांबरावर खडूने खूण केली. एका बाजूची वाहतूक बंद केली, प्लास्टिकचे कोन लावले. बोर्डाचा बाण दुसऱ्या लेनकडे वळवून, तार आवळून, हलवून पाहिला.

घट्ट होता.

चौघांनी शिडी उचलली. पोरसुद्धा एका हाताने नेईल एवढी हलकी शिडी.

गावाची कमान ओलांडली आणि ती जड झाली.

धनेशच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. समोरच्या लेनमधून गाड्या जात होत्या, दिवे दिसत होते... पण आवाज येत नव्हता. एकाही गाडीचा नाही. ऐकू येत होती फक्त चौघांची पावलं.

खडूची खूण आली. चौघांनी वाकून शिडी खाली ठेवली.

आणि खांदे सुटले.

इतक्या दिवसांचा ठणका एका क्षणात गेला. अंकुर तर चक्क हसला. जयदेवला वाटलं, सुटलो. बाबा सुटले, आई सुटली, सगळेच सुटलो.

"आता फिरवा," भैरूकाका घाईने म्हणाले. "लवकर!"

चौघं वाकले...

आणि हॉर्न वाजला. कान फाटतील असा.

त्यांच्याच लेनमध्ये, कोन उडवत, ट्रेलर येत होता.

चौघांनी बाजूला उड्या मारल्या. ट्रेलर शिडीवरून गेला. बांबूच्या चिंधड्या झाल्या. पुढे जाऊन तो थांबला आणि ड्रायव्हर शिव्या घालत उतरला.

"मरना है क्या? बोर्ड पे तीर तो इधर का ही है!"

जयदेवने मागे वळून पाहिलं. तार तशीच आवळलेली होती.

बाण त्यांच्याकडे वळलेला होता.

शिडी खाली ठेवली गेली होती, पण फिरवायची राहिली होती.

मग त्या शांततेत पुन्हा पावलं ऐकू आली. या वेळी चौघांची नव्हती.

एकट्याची.

एक पाऊल टाकलेलं. एक ओढलेलं.

गावाच्या दिशेने...

जयदेव धावत सुटला. आयुष्यात कधी धावला नसेल असा. घराचं दार सताड उघडं होतं. आई खाटेवर बसली होती, नवी साडी नेसून. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळलेला.

"हलू बोल रं," ती कुजबुजली. "आत्ताच टेकलेत. लय चाललेत बिचारे."

उंबऱ्यापासून खाटेपर्यंत पांढऱ्या लादीवर पावलं उमटली होती. ओल्या डांबराची. डावं पाऊल फरफटलेलं.

आत येणारी होती. बाहेर जाणारं एकही नव्हतं.

जयदेव तिथेच बसून लहान मुलासारखा रडला. नंतर त्याने रॉकेल घेतलं, घासणी घेतली, लादी घासून घासून हाताची सालटी काढली. डाग गेले नाहीत. आईला घेऊन कुठेतरी निघून जाऊ म्हणाला, तर ती हसायची. "मी कशाला येऊ? त्यांना जेवायला कोन वाढंल?"

पंधरवडा गेला आणि कमळीआत्या गेली. ना ताप, ना दुखणं. अंघोळ घालताना बायकांच्या लक्षात आलं. कित्येक दिवस घराबाहेर न पडलेल्या त्या बाईचे तळवे डांबराने काळे झाले होते.

खांदा द्यायला अंकुर आला नाही. भैरूकाकांना उभं राहवत नव्हतं. या वेळी विसावा गावातच दिला, समाजमंदिराच्या मागे. दुसरीकडे जागाच नव्हती. तिरडी नीट फिरवली. भैरूकाका समाजमंदिराच्या मागच्या दारात बसून बघत होते.

"काका, चालेल ना असं?" जयदेवने विचारलं.

काकांनी मान खाली घातली. "वाटंवरचा विसावा वाटंवर पायजे. पन वाट ठेवलीस कुटं?"

रस्ता आता पूर्ण झालाय. गुळगुळीत, सरळ. दगडाची जागा होती, बरोबर तिथल्या कडेला नवा बोर्ड लागलाय: 'येथे वाहन थांबवण्यास सक्त मनाई'. जयदेवने नोकरी सोडली. संध्याकाळी तो त्या बोर्डाखाली उभा असतो. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणतो, पावलं ऐकतोय. आता दोघांची येतात.

मला ती अजून ऐकू आलेली नाहीत.

पण आत्याच्या तिरडीला अंकुरच्या जागी मी होतो. मागे, उजवा खांदा देऊन. घरी आल्यापासून उजवा खांदा ठणकतोय. एक्स-रेमध्ये काही निघालं नाही.

हे सगळं मी डाव्या हाताने टाइप केलंय.