चढावरचं डावं चाक

साउथहॅम्प्टनला आमच्या घरापासून मुख्य रस्त्याला लागेपर्यंत एक लहानसा चढ आहे. दोन्ही बाजूंना हॉलीचं काटेरी कुंपण, मध्ये जेमतेम एका गाडीपुरती वाट. बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकणारी कौन्सिलची गाडी इकडे फिरकत नाही. गेल्या जानेवारीत या चढानं मला जीव नकोसा केला.

सकाळी हॉस्पिटलला निघाले की एका ठरावीक जागी गाडीचं पुढचं डावं चाक गरागरा फिरायचं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकायचा, खालून टकटक यायची.

"अगं, सिस्टिम तिचं काम करतेय," माझा नवरा मिहीर म्हणायचा. तो इंजिनियर. "जे चाक घसरतं, त्यालाच ब्रेक लागतो. मग जोर दुसऱ्या चाकाकडे जातो आणि गाडी चढते. तू फक्त ॲक्सिलरेटर हलका ठेव."

"मिहीर, काल रस्ता कोरडा होता."

"ब्लॅक आइस असेल, बर्फाचा पातळ थर. तो दिसत नाही."

डोकं फिरायचं माझं. गॅरेजवाल्यानं सेन्सर बदलले, टायर बदलले, गाडी ठणठणीत आहे म्हणाला. फक्त त्या एकाच चाकाचे ब्रेक पॅड इतके कसे झिजले, ते त्यालाही कळेना.

मग एका सकाळी बर्फ पडला. ऑपरेशनचा पेशंट भुलीसाठी माझी वाट बघत होता, आणि गाडी पुन्हा तिथंच अडकली. मी मिहीरला फोन करून बोलावलं. महाशय चहाचा मग घेऊनच आले.

"आधी स्वतः बघ, मग मला शिकव."

तो चाकापाशी वाकला. मी ॲक्सिलरेटर हलकेच दाबला. टकटक झाली. दिवा लुकलुकला.

"घसरतंय ना?"

मिहीरनं चहाचा मग बर्फात ठेवला.

"वरदा, इंजिन बंद कर. इकडे ये."

मी हँडब्रेक ओढून उतरले, दार उघडंच टाकून, वळसा घालून त्याच्या बाजूला गेले.

चाक जमिनीला टेकलेलंच नव्हतं. बोटभर वर होतं. खालचा बर्फ अगदी कोरा. मी हात घालून चाचपलं. दगड नाही, काही नाही.

"सस्पेन्शन..." मिहीरनं सुरुवात केली आणि सोडून दिली.

आमच्या देखत चाक खाली आलं. हळूच, कुणी जपून ठेवावं तसं.

शेजारचा बर्फ करकरला. पावलाचा ठसा मात्र उमटला नाही.

पुन्हा करकरला. बॉनेटच्या पुढून, पलीकडे, माझ्या उघड्या दाराच्या दिशेनं.

मग गाडी उजवीकडे, माझ्या सीटच्या बाजूला, किंचित दबली.