माझं गंजलेलं इंग्रजी

आईचा चष्मा आणायला त्या संध्याकाळी मी दुकानात गेले नसते, तर माझं इंग्रजी गेलंय हे मला थेट मुलाखतीच्या खुर्चीतच कळलं असतं.

दुकानात एक परदेशी बाई उभ्या होत्या. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात त्यातून निसटलेली काच. काउंटरमागचा उंच, सावळा चष्मेवाला हातवारे करकरून घामाघूम झाला होता. मला पाहून त्याच्या जिवात जीव आला.

"मॅडम, इंग्रजी येतं का हो? यांना सांगा ना, स्क्रू पडलाय. थोडं थांबलात तर लगेच बसवून देतो म्हणावं."

येतं का म्हणे! चार वर्षं मी एका मोठ्या हॉटेलच्या रिसेप्शनवर होते. भांडणारे, वाट चुकलेले, नुकतंच लग्न झालेले, असे सगळे पाहुणे मी इंग्रजीतच सांभाळले होते. मी ऐटीत त्या बाईंकडे वळले, तोंड उघडलं... आणि काहीच आलं नाही.

"युवर... द..."

शब्द जिभेच्या टोकाशी येऊन मागे फिरत होता. शेवटी मी चिमटीत काहीतरी पिळून दाखवलं. बाईंनीच विचारलं, "स्क्रू?"

"स्क्रू!" मी आणि चष्मेवाला एकदमच ओरडलो.

"अहो, हे तर आपण मराठीत म्हणतच होतो की!" तो खो खो हसला.

मी मात्र हसू शकले नाही. आईचा चष्मा उचलला आणि तडक बाहेर पडले. कान गरम झाले होते. पुढच्याच महिन्यात मला त्याच हॉटेलच्या दुसऱ्या शहरातल्या शाखेसाठी मुलाखत द्यायची होती, तीही इंग्रजीत.

"मॅडम, ओ मॅडम! डबी राहिली!" तो धावत आला. माझा चेहरा पाहून थबकला. "माझं हसणं लागलं का? चुकलंच माझं."

"तुमचं नाही हो..." आणि अनोळखी माणसापुढे, भर रस्त्यात, मी सगळं सांगून टाकलं. आईला अर्धांगवायूचा झटका आला, नोकरी सोडली. पाच वर्षं औषधं, व्यायाम, तिला चालतं करणं. आता ती काठी टेकत का होईना चालते, मला ओरडते, म्हणजे बरी आहे. पण त्या पाच वर्षांत इंग्रजी बोलायला होतं कोण?

तो डबी हातात तशीच धरून ऐकत राहिला. मग म्हणाला, "माझंही तसंच. सातवीपर्यंत इंग्रजी शाळेत होतो. बाबा गेले, शाळा बदलली, मग हे दुकान. समजतं सगळं, पण बोलायला गेलो की दार बंद. संध्याकाळी गिऱ्हाईक फारसं नसतं. येत जा. दोघं मिळून दार ठोठावू."

मी गेले. का गेले ते विचारू नका. गरज होती, एवढंच तेव्हा स्वतःला सांगितलं.

विसरण्याचीही काय तऱ्हा असते! बातम्या लावल्या तर शब्द न् शब्द कळायचा. 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' हे आख्खं वाक्य इंग्रजीत न अडखळता यायचं, जणू कुणी आतून कळ दाबली. पण सकाळी दात घासताना नळाला काय म्हणतात ते आठवेना. कोपर आठवेना. मग दिवसभर तोच हिशोब. नळ गेला, कोपर गेलं, उद्या काय जाईल?

"घाबरलीस की तुझे शब्द जास्त पळतात," तो म्हणायचा. 'अहो-जाहो' कधी गळून पडलं, कळलंच नाही. "पोरांसारखं आहे त्यांचं. हाका मारू नकोस, येतील आपोआप."

आणि खरंच यायचे. तो पाहुणा व्हायचा, मी रिसेप्शनवाली. त्याचं इंग्रजी सातवीतल्या मुलाचं. व्याकरण चोख, पण विषय गाय आणि बाग यांच्यापुढे जाईना.

"खोलीतून समुद्र दिसत नाही," त्याने एकदा इंग्रजीत तक्रार केली.

"सर, या शहरात समुद्र नाही."

"मग काय दिसेल?"

"समोरची भिंत."

"आणि..." तो मराठीवर आला. आवाज एकदम खाली. "रिसेप्शनवरची मुलगी दिसेल?"

माझं इंग्रजी आणि मराठी दोन्ही एकदमच गेलं. काचा पुसायचं फडकं मी उगाच घडी घालत बसले, उलगडत बसले...

मुलाखत चार-पाच दिवसांवर आली. त्या संध्याकाळी मी न थांबता बोलत होते. हॉटेल, पाहुणे, आगीचा भोंगा वाजला ती रात्र. थांबले तेव्हा तो हसत नव्हता. भिंग डोळ्याला लावून कुणाचीतरी फ्रेम तपासत होता.

"उद्यापासून नको येऊस."

"का? काही चुकलं?"

"चुकत नाहीये काहीच. आता माझी गरज नाही."

"पण—"

"दुकानात कामं तुंबलीत," तो म्हणाला. वर पाहिलंच नाही.

दुकानात तेव्हा एकही गिऱ्हाईक नव्हतं.

कंटाळला असेल. माझं तेच तेच ऐकून कुणीही कंटाळेल. मी घरी आले, आईला काही बोलले नाही. पण आईपासून काय लपतं? डोळे लाल का, जेवण तसंच का, सगळं तिनं टिपलं. चार दिवस मी एकटीच आरशाशी बोलले, आणि कमावलेले शब्द पुन्हा एकेक करून निसटू लागले.

मुलाखत इथेच, माझ्या जुन्या हॉटेलात होती. समोर तिघं. पहिलाच प्रश्न, "ही पाच वर्षं तुम्ही काय केलंत?"

घोटून ठेवलेलं उत्तर होतं. ते गेलं. मधल्या बाई वाट पाहत होत्या. मग मी आठवायचंच सोडून दिलं. जे सापडले त्या साध्या शब्दांत सांगितलं. आई पडली. तिला हात उचलता येत नव्हता. मी तिचं कोपर धरायचे... आणि 'एल्बो' असा आला, जणू तो कुठे गेलाच नव्हता! त्यामागून वाक्यं आली. चुकतमाकत, पण माझी.

बाहेर बसवलं, पुन्हा आत बोलावलं. नोकरी मिळाली. पुढच्या महिन्यात हजर व्हायचं, एका वर्षाचा करार.

मी सरळ दुकानाकडे धावले. का ते आता स्वतःपासूनही लपवण्यात अर्थ नव्हता. शटर खाली होतं. भरदुपारी! कशीबशी घरी आले, दार लोटलं, तर चष्मेवाला आमच्या खुर्चीत, आणि समोर आई, हातात मोडका चष्मा.

"दांडी मोडली गं," आई म्हणाली. "डबीवरच्या नंबरवर फोन करून बोलावलं यांना."

"दांडी आपोआप अशी मोडत नाही, मावशी," तो हळूच म्हणाला.

"मोडली म्हणजे मोडली! मी आत पडते जरा." काठी टेकत ती गेली. दार मात्र सताड उघडं ठेवून.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. मिळाली."

त्याचा चेहरा आधी उजळला, मग हळूहळू... "वाटलंच होतं. रोज तुझे चार शब्द परत यायचे आणि मला वाटायचं, ही चार पावलं लांब गेली. एकदा तर मनात आलं, अडखळू दे हिला. त्याच दिवशी म्हटलं, उद्यापासून नको. तुझ्या वाटेत मी काटा व्हायला नको."

"आणि मी समजले, तू कंटाळलास!" मला रडू आणि हसू एकदमच आलं. "मूर्ख आहेस."

"आहेच." तो खुर्चीतून उठला. "ते इंग्रजीतलं तीन शब्दांचं वाक्य आहे ना, ते शेंबडं पोरही म्हणतं. म्हणून नको. मला... मला तू हवी आहेस. जा तू. जायलाच हवं. पण परत येशील का?"

इंग्रजीत असतं तर कळलं नाही म्हणता आलं असतं, पण हे मराठीत होतं. पळायला जागाच नव्हती.

"वर्ष आहे," मी म्हटलं. "आईला आठवड्यातून दोनदा बघून जाशील?"

"रोज बघेन."

"आणि मला?"

"महिन्यातून एकदा शटर पाडेन. गाडीचं तिकीट काढेन."

मी त्याच्याजवळ गेले. कुणी कुणाचा हात धरला, ते अजून ठरलेलं नाही.

"अगं, हो म्हण की लवकर!" आतून आई ओरडली. "मला चष्म्याशिवाय दिसत नाहीये!"

"हो," मी म्हटलं.