मोरीतली राधा

ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं. मी फार शिकलेली नाही, पण थापा मारून माझं पोट भरत नाही. हे आमच्या गिरगावच्या बिऱ्हाडात घडलं. छप्पन्न सालचा जानेवारी, संचारबंदीचे दिवस.

आनंदीबाई म्हणजे माझ्या सासूबाई. कोकणात त्यांची खोतकी. कुळांनी वेठीला राबायचं, त्यांच्या बायकांनी खोतांच्या मोरीत भांडी घासायची. पुढे कायदा झाला, कुळं मोकळी झाली.

सासूबाईंच्या लेखी मात्र कुणीच सुटलं नव्हतं.

राधा त्या कुळांतलीच. नवरा बुधाजी गिरणीत लागला, म्हणून डिलाईल रोडला राहायला आलेली. सासूबाईंनी तिला बोलावून घेतलं.

ती आली. पायात चपला.

"चपला बाहेर. उद्यापासून मोरी तुझी."

"नाय बाय. आता नाय जमायचं."

"कुणाच्या जिवावर एवढी मिजास?"

"माज्याच," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

दोन दिवस सासूबाईंच्या घशाखाली घास उतरला नाही. मग त्यांनी नारळ ठेवून गावच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं. "राधा माझी आहे. जिती नाहीतर मेली, तिला माझ्या दारी आणून बांध."

"अहो, असं मागू नये," मी म्हटलं.

"तू पोळ्या बघ."

पुढच्याच आठवड्यात संचारबंदी लागली. रस्त्यावर कुत्रं नाही. भांडीवाली येणार कुठून? जेवणं झाली, खरकटी भांडी मोरीत तशीच पडली. भर दुपार...

खर्र... खर्र...

राखेने पितळ घासल्याचा आवाज.

घराला आतून कडी होती.

मोरीत गेले. कुणी नाही... भांडी घासून पालथी घातलेली. राख अजून ओली.

सासूबाईंना दाखवलं. वाटलं, घाबरतील.

त्या हसल्या. "आली ना? मोठी कायदा शिकवायला निघाली होती."

संचारबंदी उठली तसा बुधाजी दारात आला. राधा तापाने गेली होती... त्याच दुपारी.

तो बोलत असतानाच आतून आवाज सुरू झाला.

खर्र... खर्र...

बुधाजी उंबऱ्याबाहेरच खाली बसला. घासण्यावरूनच त्याने तिचा हात ओळखला. मी त्याला गाऱ्हाण्याचं सांगून टाकलं.

"बाय, गाऱ्हानं तुमी घातलंत, तुमीच उतरवा. दुसऱ्या कुनाच्यान ते उतरत नाय. मेली ती. आता तरी जाऊ द्या."

"पिढ्यान्‌पिढ्या आमचं खाल्लंत," सासूबाई म्हणाल्या. "भांडीच घासतेय ना? त्यात तिचं काय झिजतंय?"

आणि दार लावून घेतलं.

त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी पाया पडले. म्हटलं, आता तरी सोडा तिला.

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "माझ्यामागे तुला कोण घासून देणार?"

गेल्या त्या. न उतरवताच.

मी नारळ ठेवून पाहिला. पितळ मोडून स्टील आणलं. काही उपयोग झाला नाही.

एकदा धीर करून मोरीच्या दाराशी उभी राहिले. माझा आवाज मेला जन्माचा करडा. म्हटलं, "राधा, पुरे. जा आता."

आवाज थांबला...

मग पुन्हा सुरू झाला. पहिल्यापेक्षा भराभर. मालकीण ओरडली की कामाची बाई करते ना, तसा.

तेव्हापासून मी तिथे तोंड उघडत नाही.