आतून आलेली ओ

देवकीमावशीची ही गोष्ट खोटी वाटली तर खुशाल वाटू द्या. तिच्यासमोर मात्र तसं म्हणू नका. थापा मारायचा तिचा पिंडच नाही.

सन १९६६. उन्हाळ्याचे दिवस. आणि रात्रबित्र काही नव्हती...

लख्ख दुपार होती.

डहाणू स्टेशनच्या पूर्वेला एका चिकूच्या वाडीत तेव्हा औषधाच्या गोळ्यांचा छोटा कारखाना होता. झाईच्या किनाऱ्यावरची देवकी तिथे कामाला जायची. सोबत लाडकी. दोघी एका ताटात जेवून वाढलेल्या. देवकीला तिथे चिकटवलं तेही लाडकीनेच.

दोघी लेपाच्या खोलीत. तिथे एक मोठा तांब्याचा ढोल फिरत असायचा. त्यात गोळ्या गडगडत राहायच्या. त्यांच्यावर मगाने लेप ओतायचा, हाताने खालवर करायच्या, पुन्हा ओतायचा. आधी साखरेचा पाक असायचा. मग नवा पातळ लेप आला, स्पिरिटसारख्या उग्र वासाचा. तो झटकन वाळायचा, आणि माणसाचं डोकंही झटकन गरगरायला लावायचा.

म्हणून नियम होता. एकीने आत ओतायचं. दुसरीने लोटलेल्या दाराबाहेर बसून अधूनमधून नावाने हाक मारायची. आतलीने ओ द्यायची.

ओ आली नाही, तर धावत जाऊन तिला बाहेर ओढायचं.

झरीची शुक्री आदल्या वर्षी त्याच ढोलापाशी मेली, तेव्हा हा नियम नव्हता. तिला कुणी हाकच मारली नव्हती.

त्या दुपारी आत जायची पाळी लाडकीची होती.

"देवकी, माझं डोकं भणभणतंय गो. आज तू जा ना आत."

"त्यात काय एवढं? तू बस बाहेर," म्हणत देवकीने पदर खोचला.

लाडकीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. देवकीला ते नंतर आठवलं.

आत ढोल फिरत होता. गोळ्यांची खळखळ चालू होती.

"देवकी..."

"ओ!"

थोड्या वेळाने पुन्हा हाक आली.

"देवकी..."

देवकीने तोंड उघडलं... आणि त्याआधीच ओ आली.

ढोलातून.

आवाज घुमला असेल, असं म्हणून तिने पुढचा लेप ओतला. पण आज वास फारच डोक्यात जात होता. वरचा पंखा बंद पडला होता, ते तिच्या तेव्हा ध्यानात आलं. ती दाराकडे वळली, पण दोनच पावलं. ती खाली कोसळली. हात हलेना. जीभ उचलेना.

डोळे तेवढे उघडे होते.

दाराच्या खालच्या फटीतून लाडकीचे पाय दिसत होते. बोटांतली जोडवीसुद्धा दिसत होती.

आता हाक मारेल, देवकीला वाटलं. मी ओ देणार नाही, आणि ती येईल.

"देवकी...?"

ढोलाच्या खळखळीतून...

"ओ... बरी आहे गो."

आवाज देवकीचाच होता. तोंड मात्र तिचं मिटलेलं होतं.

लाडकीचे पाय उठले. दारापाशी आले. देवकीचा जीव त्या पायांत गोळा झाला.

पाय थांबले.

आणि हळूच... मागे गेले.

त्यानंतर हाक आली नाही.

तिला बाहेर काढलं ते लाहूने. लाहू म्हणजे गोळ्या तपासणारा माणूस. तो नमुना न्यायला आला होता. दार उघडलं तर देवकी जमिनीवर, आणि बाहेर लाडकी भिंतीला टेकून कानांवर हात दाबून बसलेली.

देवकी वाडीतल्या झाडाखाली शुद्धीवर आली. लाहू तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू पडलीस कधी? मग लेप कुणी ओतला?"

ढोलातल्या गोळ्या ताज्या लेपाने ओल्या होत्या. लेप ओतायचा मग अजून ठिबकत होता.

गोळ्यांचा तो अख्खा घाणा फेकूनच द्यायचा होता, तरी लाहूने आपली रीत म्हणून तो तपासला. गोळी ब्लेडने कापली, पाण्यात टाकली, उजेडात फिरवून बघितली. एकही गोळी दुसरीला चिकटलेली नव्हती. लेप कुठे जाड नाही, कुठे सोललेला नाही.

"असा हात शुक्रीचा होता," एवढंच तो बोलला, आणि गोळ्या त्याने स्वतः खड्डा खणून पुरल्या.

देवकीला त्याचं काही नव्हतं. तिला एकच विचारायचं होतं.

"लाडके, आत का नाही आलीस?"

"तू ओ दिलीस ना गो!"

"मी नाही दिली. आणि तुझे पाय दिसत होते मला."

लाडकीचा चेहरा पडला. मग ती भडाभडा बोलत सुटली. गेल्या हप्त्यात ती आत असताना तिच्याआधी कुणीतरी ओ दिली होती. तिच्याच आवाजात. तेव्हाच तिला कळलं होतं, की आत काही झालं तर बाहेरचीला पत्ता लागायचा नाही.

"म्हणून मला पाठवलंस?"

लाडकी रडायला लागली. देवकीला रडूसुद्धा आलं नाही. परक्याने मारलं असतं तर एवढं लागलं नसतं.

ती पुन्हा कारखान्यात गेली नाही. बाजारात मासळी विकायला बसली. पण त्या दुपारपासून तिच्या नाकाला वास येईनासा झाला तो झालाच. मासळी ताजी की उतरलेली, हे तिला आजही दुसऱ्याला विचारावं लागतं.

लाडकीशी ती बोलली नाही. मरेपर्यंत बोलणार नाही, असं तिने ठरवलं होतं. तेवढंच तिच्या हातात होतं.

पुढे एकदा दुपारी देवकी घरामागे बोंबील वाळत घालत होती. घरात चिटपाखरू नव्हतं. पुढच्या अंगणातून हाक आली.

"देवकी... आहेस का गो?"

लाडकी! देवकीने ओठ घट्ट मिटले.

"देवकी, माझं चुकलं. मला माफ केलंस का गो?"

रिकाम्या घरातून... देवकीच्या आवाजात...

"ओ... केलं गो. जा तू."

देवकी हातातले बोंबील टाकून धावली. अंगणात पोचेपर्यंत लाडकी वाटेला लागली होती. पदराने डोळे पुसत, हलकी होऊन चालली होती. देवकीला ओरडून सांगायचं होतं, मी नाही केलं, मी नाही! पण घशातून आवाजच फुटला नाही.

लाडकी आजही सगळ्यांना सांगते, माझ्या देवकीने मला माफ केलं.

आणि देवकीमावशीला घरात कुणी लांबून हाक मारत नाही. काही काम असलं, तर जवळ जाऊन खांद्याला हात लावतात. गेल्या महिन्यात घरात आलेली नवी सून हे विसरली. तिने दारातून हाक मारली.

ओ आली.

मावशी तेव्हा बाजारात होती.