अर्ध्या सेकंदाचा काळोख

केतकीचे वडील अण्णा चाकांच्या खुर्चीतून प्रकाशिकी प्रयोगशाळेत आले, ते मांडीवर कापडी बटवा घेऊनच. बटव्यात साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं कॅमेऱ्याचं एक जुनं भिंग होतं.

"हेच ते दळभद्री भिंग," ते डॉ. मुजावरांना म्हणाले. "आलेख न बघता घेतलं. बघितला असता, तर हिच्या आईचा चेहरा असा गेला नसता."

केतकीनं ते भिंग मोजणीच्या यंत्रावर बसवलं. मुजावरांबरोबर ती याच प्रयोगशाळेत काम करत होती, आणि हे वाक्य ऐकतच पन्नाशी ओलांडून आली होती. घरी देव्हाऱ्याशेजारी तो फोटो असे. उजव्या कडेला उशीला टेकवून बसवलेली सात महिन्यांची केतकी, डाव्या कडेला आई, आणि आईच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पुसट ढग. मायलेकींचा एकत्र असा तेवढाच फोटो. पुढे दोन महिन्यांत आई गेली. पूजा आटोपली की अण्णा त्या ढगाला चाफ्याचं फूल वाहत. त्यानंतर त्यांनी एकही भिंग तीक्ष्णता-आलेख, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत चित्र किती रेखीव येतं ते दाखवणारी रेषा, पारखल्याशिवाय घेतलं नाही. घरात पोथ्यांशेजारी आलेखांची चळत असे. कडेकडे घसरणाऱ्या त्या रेषा केतकीला अक्षरांआधी कळू लागल्या होत्या. आता अण्णांची नजर मावळत चालली होती. ती पुरती जाण्याआधी त्यांना तो चेहरा एकदा बघायचा होता.

"चेहरा कल्पनेनं भरून देणारी यंत्रं गल्लोगल्ली आहेत, अण्णा," मुजावर म्हणाले.

"ती कुणी दुसरीच बाई व्हायची हो. तिला मी फूल वाहू?"

मुजावर हसले. "आमचा प्रतिमोद्धारक, म्हणजे पुसट फोटो साफ करणारं हे यंत्र, पदरचं काही घालत नाही. भिंगानं चित्र कुठे किती पसरवलं, ते आलेख सांगतो. तेवढंच पसरणं हा उलटं फिरवतो. केतकी, चहा? की आज संकष्टी?"

"संकष्टीला चहा चालतो."

"तुझी संकष्टी चहावरच चालते!" मुजावरांनी तिच्या हाती कप दिला.

पडद्यावर भिंगाचा आलेख उमटला. मध्यापासून निघालेली रेषा कडेपर्यंत न घसरता जवळजवळ सरळ गेली.

"पुन्हा मोजा," अण्णा म्हणाले.

पुन्हा तेच. दुसऱ्या कडेलाही तेच.

केतकीनं पडद्यावर तो फोटो मोठा केला. "अण्णा, मध्यापासून मी जितकी लांब, तितकीच आई. भिंगाचा दोष असता तर मीही पुसट झाले असते. माझ्या तर पापण्या मोजता येताहेत."

"म्हणजे ती हलली?" अण्णांचा आवाज खाली गेला. "उजेड कमी होता, अर्धा सेकंद लागणार होता. हलू नका म्हणून बजावलं होतं मी. तू रडून घर डोक्यावर घेतलं होतंस. एकदम गप्प झालीस, तशी मी कळ दाबली."

"तुम्हाला दिसलं नाही?"

"कसं दिसेल? कळ दाबली की आतला आरसा वर जातो. तेवढा वेळ कॅमेऱ्यात काळोख."

मुजावरांनी भिंगाचं पसरणं वजा केलं. उरला तो आईच्या हलण्याचा माग. यंत्रानं तो रेघेनं काढून दाखवला. मान बाळाकडे कलली होती आणि आल्या वाटेनं परत गेली होती.

"आई हलली हे समजलं," मुजावर म्हणाले. "पण सात महिन्यांचं मूल अर्धा सेकंद स्थिर राहिलं कसं?"

केतकीनं बाळाचे डोळे मोठे केले. ते कॅमेऱ्याकडे नव्हतेच. आईवर खिळले होते.

अण्णांनी बटव्याची नाडी मुठीत धरली. "कुकूक," ते पुटपुटले. "पदराआडून कुकूक करायची ती. तू रडायची थांबायचीस..." त्यांनी नजर पडद्यावरच्या बाळाकडे वळवली. "तू हलू नयेस म्हणून ती हलली गं. आणि मी इतकी वर्षं या काचेला बोल लावत बसलो."

"चेहरा स्थिर करू?" मुजावरांनी हळूच विचारलं.

"करा. पण मग तिला तिच्या वाटेनं एकदा हलू द्या."

मुजावरांनी अण्णांची खुर्ची पडद्याजवळ सरकवली. ढग गोळा होत गेला. कुंकू, नाक, हसताना दिसणारा तिरका दात. मग ती मान अलगद कलली आणि परत गेली.

अण्णा केतकीकडे वळले. तिच्या हातातला चहा निवत होता. श्वास रोखून, जराही न हलता, ती आईकडे बघत होती.